माळ्यावरचं सामान कोणाचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४४, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमचं घर यजमानांच्या आजोबांनी बांधलेलं, कौलारू, मधे राजांगण. राहणारी माणसं चार: सासूबाई, आम्ही दोघं आणि बारावीतला मुलगा. सामान मात्र चाळीस माणसांचं. मुंबईच्या दिरांची कपाटं, दुबईला असलेल्या धाकट्या दिरांचे खोके, नणंदेची कॉलेजची पुस्तकं, सासऱ्यांचे कपडे. काही टाकायला काढलं की सासूबाई म्हणतात, "दवर गो, उपेगाक पडटलें" (ठेव गं, उपयोगी पडेल). शाळेतून येऊन वसरीत पाऊल टाकलं की अंगातलं त्राणच जातं. रविवारभर आवरते, बुधवारपर्यंत पुन्हा जैसे थे.

मोबाइलवर आवराआवरीचे व्हिडिओ बघून मार्चमध्ये मी एक खोली रिकामी करायला घेतली. त्यात सासऱ्यांचा बंद पडलेला रेडिओ भंगारवाल्याला दिला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. यजमान म्हणतात, "तुला काय गरज होती?" घर आवरलं की मन शांत होतं, अंगात उत्साह येतो असं सगळे सांगतात. खरं आहे का ते? आणि माझ्यासारखीनं सुरुवात करायची कुठून? आता तर माझ्या खोलीतल्या व्यायामाच्या सायकलवरसुद्धा साड्या लटकतात.

एक दमलेली सून

*

सूनबाई,

तुम्ही सही तशी केलीत म्हणून मीही तशीच हाक मारते.

आधी रेडिओ. तुमच्या पत्रात तो एका वाक्यात येऊन जातो, पण सध्या तुमच्या घरात सगळ्यांत जास्त जागा त्यानंच अडवली आहे, आणि तो घरात नाही. सासूबाईंच्या मनात बसलंय की या बाईनं आपल्या नवऱ्याला घराबाहेर काढायला सुरुवात केली. ते तसंच राहिलं तर तुम्ही साधी प्लास्टिकची पिशवी उचललीत तरी त्या हातातलं काम टाकून बघायला येतील. तेव्हा माफी मागा. 'बंदच होता', 'सुटे भाग मिळत नाहीत', 'मला वाटलं की' असलं काहीही शेपूट न जोडता. "आई, रेडिओ तुम्हाला न विचारता दिला. चुकलं माझं." बस्स. भंगारअड्ड्यावर एकदा जाऊन विचारून या. मार्चमध्ये गेलेली वस्तू मेमध्ये सापडेल ही आशा धरू नका, पण तुम्ही गेला होतात हे त्यांना कळू दे. आणि कुठून तरी तसलाच दुसरा जुना रेडिओ पैदा करून त्यांच्यासमोर ठेवू नका. तो त्यांचा नव्हे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझं माहेर डिचोलीकडचं. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी घर आवरलं. आवरण्याचा उत्साह सगळ्यांत जास्त माझाच. पत्र्याच्या एका ट्रंकेत पिवळ्या पडलेल्या, कसर लागलेल्या कागदांची चळत होती. ती मी स्वतःच्या हातानं बंबात घातली. पाणी छान तापलं. काही महिन्यांनी जमिनीच्या कामात वकिलांनी विचारलं, "वडिलांनी खंडाच्या पावत्या ठेवल्या असतील ना?" ठेवल्या होत्या, खंडाच्या म्हणजे कसायच्या जमिनीच्या भाड्याच्या. त्या पाण्यानं आम्ही आंघोळ केली होती. आजही भाऊ पाणी तापत ठेवताना माझ्याकडे बघून हसतो.

आता तुमचा सरळ प्रश्न: उत्साह येतो का? थोडा येतो, पण व्हिडिओत दाखवतात तसा नाही. अमेरिकेत डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या दोघी संशोधकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिसमधल्या, नवरा-बायको दोघंही कमावते असलेल्या ३० जोडप्यांना त्यांनी आपापलं घर फिरून दाखवायला सांगितलं आणि ते काय बोलतात त्यातले शब्द तपासले. शिवाय लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं पुन्हा पुन्हा येत होती, त्यांच्यात ते नीट उतरत नव्हतं, आणि दिवस कलेल तसं मनही खिन्न होत जात होतं. तुमचं वसरीत पाऊल टाकताच त्राण जातं ते हेच असावं. पण पसाऱ्यानं ताण आला की ताणामुळे पसारा दिसू लागला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. माझा कौल विचाराल तर दोन्ही. आणि मला त्यातला 'अर्धवट राहिलेली कामं' हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. भिंतीला टेकवलेलं मोडकं स्टूल दिसलं की ते नुसतं स्टूल दिसत नाही. सुताराला फोन करायचा राहिलाय, हे दिसतं. अशी पन्नास कामं ओलांडून तुम्ही चहाच्या भांड्यापर्यंत पोचता.

आणखी एक गोष्ट, ती आवराआवरीच्या व्हिडिओत कोणी सांगणार नाही. ४४ व्या वर्षी, नोकरी करून, घर बघून रोज संध्याकाळी अंग गळून जात असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. पाळीचं चक्र बदलायला लागलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्त कमी असेल तर चकचकीत रिकाम्या घरातसुद्धा तुम्ही दमलेल्याच राहाल. हे या आठवड्यात करा, माळा नंतर.

आता सुरुवात कुठून. सगळे व्हिडिओ एकच प्रश्न शिकवतात: हे लागतं का? दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, नवरा-बायको आणि एक मूल असेल, तिथे तो प्रश्न चालतो. तुमच्या घरात तो विचारलात की भांडण होणार, कारण तुम्ही 'लागतं का' म्हणता आणि समोरच्याला 'माझ्या माणसाची तुला गरज नाही' असं ऐकू येतं. मूळ घरात त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो: हे कोणाचं? गोव्यातलं मूळ घर म्हणजे सगळ्या गोतावळ्याचं फुकटचं लॉकर. माणसं मुंबईला, पुण्याला, आखातात गेली, भाडं न देता सामान मागे ठेवून गेली. ते झाडायचं, उन्हात घालायचं, वाळवीपासून वाचवायचं काम मात्र मागे राहिलेल्या सुनेकडे आलं. तुम्ही ज्याला पसारा म्हणता त्यातला निम्म्याहून जास्त भाग दुसऱ्यांनी न घेतलेल्या निर्णयांचा आहे, असं तुमच्याच यादीवरून दिसतं. ते निर्णय तुम्ही घेऊ नका. त्यांचे त्यांना घ्यायला लावा.

कसं, ते सांगते. मे चालू आहे, मुंबईकर सुट्टीत येतीलच. त्याआधी तुमच्या यजमानांनी (तुम्ही नव्हे) दिरांच्या कपाटांचे, खोक्यांचे, नणंदेच्या पुस्तकांचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावेत आणि स्वतःच्या शब्दांत लिहावं: पावसात यातलं किती टिकेल सांगता येत नाही, काय ठेवायचं, काय न्यायचं, काय काढायचं ते चवथीपर्यंत (म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत) कळवा. चवथीला सगळे घरी येतातच, गाडी घेऊन येतात, आणि जाताना डिकीत नारळ-मोदकांशिवाय काही नसतं. 'तुला काय गरज होती' म्हणणाऱ्या माणसाला हे काम द्याच. सुनेनं विचारलं की सासरची माणसं दुखावतात, तेच भावानं विचारलं की 'अरे हो, राहिलंच बघ' म्हणतात. अन्याय आहे, पण आहे तो वापरून घ्या. आणि नणंदेला शेवटी विचारू नका, पहिल्यांदा विचारा. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वारसा पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलाय, त्या घरातल्या पितळी समईत तिचाही वाटा आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवा, पण विचारल्यानं तिला माहेर उरलंय असं वाटेल.

फोटोला उत्तर आलंच नाही तर? काहींचं येणार नाही. त्यांचे खोके त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून एकाच खोलीत नेऊन ठेवा आणि दार ओढून घ्या. तुमच्या रोजच्या वाटेवरून ते गेले, एवढं पुरे.

'दवर गो' बद्दल मात्र मी सासूबाईंच्या बाजूनं बोलणार. त्यांचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पंचाहत्तरीच्या आसपास असतील असं धरते. म्हणजे त्यांचं लहानपण १९५० च्या दशकातलं, भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती त्या काळातलं. त्याशिवाय दरवर्षीचं पुरुमेंत होतंच. हा शब्दच पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आला, म्हणजे बेगमी. पावसाचे चार महिने बाजार बंद, नद्या फुगलेल्या, म्हणून मेअखेर घरात उकडे तांदूळ, सोलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सुकं खारं, मिरच्या, खारवलेल्या कैऱ्या, वाळलेली लाकडं भरून घ्यायची. त्या हिशेबात रिकामी बाटली म्हणजे कचरा नव्हे, आगळ भरायची जागा. फेणीची बाटली धुऊन त्यात खोबरेल भरलेलं मी माझ्या आईच्या फडताळात पाहिलंय, आणि माझ्या घरी फेणी कोणीही पीत नव्हतं. असं साठवण्याला हल्ली चटकन आजाराचं नाव देतात. २०१३ पासून मानसोपचारात साठवण्याचा विकार हे स्वतंत्र निदान आहे खरं, पण त्यात खोल्या वापरण्याजोग्याच राहत नाहीत, मूल्य असो-नसो काहीच हातातून सुटत नाही आणि त्या माणसाची त्यात घुसमट होते. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. त्या जुन्या वळणाच्या आहेत, इतकंच.

वस्तू हातातून का सुटत नाही याचं एक छान उदाहरण १९९० चं आहे. कानमन, नेच आणि थेलर या तिघांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणारे सात डॉलरच्या आसपास मागत होते, घेणारे तीनच्या आसपास द्यायला तयार होते. तोच मग, फक्त हातात असण्याचा फरक. म्हणून स्वतःचं कपाट आवरताना 'टाकू का?' असं विचारू नका. असं विचारा: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ही वस्तू मांडलेली दिसली असती, तर मी पैसे मोजून घेतली असती का? माझ्या सतरा प्लास्टिकच्या डब्यांना उत्तर 'नाही' असं आलं. झाकणं तर अकराच होती.

स्वतःचं कपाट म्हटलं, कारण पहिलं तेच. तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांच्या सामानाची यादी आहे. तुमचं स्वतःचं शेवटच्या ओळीत, सायकलवर लटकलेलं आहे. रागावू नका. मला त्या ओळीनंच तुमचा विश्वास वाटला. तुमच्या साड्या, तुमचे शाळेचे गठ्ठे, जुन्या प्रश्नपत्रिका, रिकामे मिठाईचे डबे, पिशव्यांनी भरलेली पिशवी: यावर कोणाला विचारायचं नाही, कोणी उपाशी राहणार नाही. मे महिन्यातल्या दोन सकाळी यातच घालवा. सासूबाईंना दिसू दे की ही आधी स्वतःचं काढते. माझ्या अनुभवात याचा जेवढा परिणाम होतो तेवढा शंभर वेळा समजावण्यानं होत नाही.

मग वसरी. अख्खी नको, तुम्ही दारातून आत आल्यावर जिथे नजर जाते आणि हात टेकतो तेवढीच. बुधवारी पुन्हा जैसे थे होतं, कारण रविवारी तुम्ही एकट्या वस्तू उचलता आणि सोमवारपासून चौघं जिथे थांबतात तिथे टाकतात. माणसांना बदलण्यापेक्षा खुंट्या ठोकणं सोपं. पडवीतच दाराशी चार खुंट्या: रेनकोट, छत्र्या, हेल्मेटं. खाली पसरट ट्रे, म्हणजे ओल्या चपला आत येणार नाहीत. चार्जर मुलगा जिथे बसतो तिथेच राहू दे, तो दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. आणि रविवारचा दिवस आवराआवरीतून सोडवा. रोज रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, चौघांनी, आपापलं. बारावी आहे म्हणून मुलाला सूट देऊ नका, दहा मिनिटांनी कोणाचे गुण जात नाहीत. तुम्ही शिक्षिका आहात, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

आता कागद, इथे मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे. सासऱ्यांच्या ट्रंकेत, देवाच्या कूडीतल्या (खोलीतल्या) फडताळात, कुठेही जुने कागद सापडले तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. विशेषतः पोर्तुगीज भाषेतले. गोव्यात कागद म्हणजे जमीन. जुनं इश्क्रितूर म्हणजे खरेदीखत, इन्व्हेंतार म्हणजे वाटणीचं पत्रक, मात्रीजचा म्हणजे जुन्या कर-नोंदवहीचा उतारा, नंतरचे एक-चौदाचे म्हणजे जमीन कोणाची, कोण कसतं याचे उतारे, खंडाच्या पावत्या, घरपट्टी भरल्याच्या पावत्या, जुनी वीजबिलं. कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायदा १९७५ चा. त्यांतले हक्क सिद्ध करायला कोण कधीपासून जमीन कसत होतं, कधीपासून तिथे राहत होतं याचे पुरावे आजही लागतात, आणि ते बहुधा अशा कळकट पुडक्यातच असतात. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या, आधी जन्मलेल्यांच्या जन्मनोंदीही जपा, पोर्तुगीज नागरिकत्व मागायला त्या लागतात. तुमच्या मुलाला त्याचा उपयोग होईल की नाही हे तो ठरवील.

करायचं एवढंच: उन्हाचं तोंड दाखवा, पण थेट कडक उन्हात नको, पडवीत वाऱ्यावर. ब्रशनं कसर झटका. फोटो किंवा स्कॅन काढून ठेवा. गठ्ठा सुती कापडात बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि वर चिठ्ठी: कशाचे, कोणाचे. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात कायमचा बिघडतो आणि मग उलगडतही नाही. काय आहे ते कळत नसेल तर पोर्तुगीज वाचणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. एका रविवारात सगळं होणार नाही. पण त्या ट्रंकेत काय आहे हे घरात एका तरी माणसाला ठाऊक असलं, की ती ट्रंक डोळ्यांना खुपेनाशी होते. माझी तर गेलीच, तुमची वाचवा.

पावसाच्या आधी आणखी एक काम उरकून घ्या, कारण जून लागला की हे सगळं दुप्पट अवघड. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला जोर येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो कित्येक दिवस ऐंशी-नव्वदच्या खाली येत नाही. कोंदलेलं कपाट म्हणजे बुरशीचं माहेर. कपडे गच्च कोंबलेले असतील तर हवा फिरत नाही, कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर पाठ भिजते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, लाकडी पेट्या चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवा म्हणजे वाळवी चढताना निदान दिसेल. ठेवायचे कपडे या महिन्याच्या उन्हात एकदा कडकडीत वाळवून मगच आत. दमट कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधणं सगळ्यांत वाईट, आणि आपण सगळ्या तेच करतो. बुरशीनं दमा, शिंका, नाक चोंदणं वाढतं. सकाळी उठल्यावरच जड वाटण्यामागे कधी कधी एवढंच असतं.

परसात, गोठ्याच्या मागे, माडाखाली पडलेल्या वस्तूंबाबत मात्र 'कोणाचं' विचारू नका, थेट उचला. फुटके डबे, टायर, वापरात नसलेला रगडा, कुंड्यांखालच्या बश्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या चार चमचे पाण्यात अंडी घालतो, त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी पडलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. रगडा टाकू नका, पालथा घाला. उंदरांनी घर केलेली लाकडाची रास हलवताना हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस हा आपल्याकडचा पावसाळी आजार आहे, उंदराच्या लघवीनं दूषित झालेल्या ओलीतून येतो.

काढलेलं जाणार कुठे, तेही ठरवूनच काढा, नाहीतर ते पडवीत पोत्यात बसून पुढची चवथ बघतं. जुन्या सुती साड्यांची वाकळ शिवून घ्या, गावात शिवणारी कोणी ना कोणी असते. पुस्तकं वाचनालयाला विचारून द्या, ढीग नेऊन टाकू नका. फाटकं, मळकं 'गरिबांना' देण्याची आपली सवय मला मुळीच आवडत नाही. स्वतःच्या जावेला देताना लाज वाटेल ते कोणालाच देऊ नये. बंद मिक्सर, वायरी, बॅटऱ्या, ट्यूबा, मुदत संपलेली औषधं ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, पंचायतीकडे वेगळ्या कधी घेतात ते विचारा. नांगर, जू, मापं, जुनी शेतीची अवजारं असतील तर भंगारात देण्याआधी एकदा बाणावलीला 'गोवा चित्र' संग्रहालय बघून या, शक्य तर सासूबाईंना घेऊन. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी लोकांनी टाकून दिलेल्या असल्याच वस्तूंतून ते उभं केलंय. तिथल्या एखाद्या वस्तूसमोर त्या थांबतील आणि बोलायला लागतील, पैज लावते. देवांच्या मोडक्या तसबिरी वडाखाली नेऊन ठेवू नका. तिथे त्यांचं काय होतं ते आपण रोज जाता-येता बघतोच. चौकट आणि काच वेगळी करा, कागद बादलीत भिजवून लगदा करा आणि माडाच्या आळ्यात घाला.

राहता राहिली सासऱ्यांची खुंटी: कपडे, चष्मा, छत्री, जे काही असेल ते. तिथे तुम्ही हात लावायचा नाही. झटकायचंसुद्धा त्यांना विचारून. तीन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत. पितळी-तांब्याच्या भांड्यांबाबत मात्र एक करता येईल. एखाद्या दुपारी त्यांच्यासोबत बसा, चिंच लावून भांडी घासायला घ्या आणि विचारा, हे भाण कोणी दिलं, ही कासंडी कोणाच्या लग्नातली. बोलता बोलता त्याच म्हणतील की हे अमकीला द्यायचं मनात आहे. मग चवथीला त्यांच्याच हातून ते देववा. आपण असताना आपल्या हातानं देण्यात जो मान आहे, तो मागाहून वाटण्या करण्यात नाही. त्या एकही भांडं देणार नाहीत असंही होईल. मग घासलेली भांडी फळीवर परत लावा आणि चहा टाका. निदान दुपार बोलण्यात गेली.

सायकलवरच्या साड्या आज उतरवा. ती चालवायची की विकायची, ते रक्ताचे रिपोर्ट आल्यावर बघू.